गंजलेल्या डोक्यातली गल्ली

२८ ऑक्टोबर, सोमवार

पुसली! माझी गल्ली पुसून टाकली त्या किर्पीने. कोक-बुलाक वस्तीतली, किराणा दुकानामागून थेट शाळेकडे निघणारी. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नकाशावर काढलेली. आणि खाली काय लिहिलंय? 'आठवण म्हणजे पुरावा नव्हे. गंजलेल्या डोक्यातून गल्ल्या काढू नका.'

गंजलेल्या! मला! तेहतीस वर्षं या बिश्केकमध्ये अँब्युलन्सवर डॉक्टर होते मी. ज्या वस्त्यांत रस्त्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते, तिथे 'निळं फाटक, समोर मोडकी बस' एवढ्या पत्त्यावर पोचले आहे. बर्फात. बाळंतिणीकडे.

हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्त करावा, फुकट वापरावा. त्यामागचा प्रोग्रामही तसाच, सगळ्यांना उघडा. अँब्युलन्सचे ड्रायव्हर हल्ली हाच फोनवर लावून निघतात. म्हणून तर निवृत्त झाल्यावर यात पडले. आणि इथल्या मंडळींची तोंडं बघून आचारनियमही मीच लिहिले. पहिलाच नियम — कामावर बोला, माणसावर नको. किर्पीने तो वाचलेला दिसत नाही. किर्पी हे टोपणनाव. किर्गिझ भाषेत किर्पी म्हणजे ते काटेरी जनावर, बोट लावलं की गोळा होतं. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. खातं उघडून महिनासुद्धा झाला नाही, आणि ही भाषा! बाकी कुणाला एक वाकडा शब्द नाही. सगळे काटे मला.

पुरावा म्हणून फोटो जोडलाय म्हणे. उघडला नाही. असल्यांचे फोटो कोण बघतो! तक्रार ठोकली. कायमचा हाकला, अशी.

२९ ऑक्टोबर

इशेनबेकला सगळं वाचून दाखवलं. नवरा म्हणून त्याने चिडायला हवं होतं. म्हणाला, "दोक्तोर, पण गल्ली आहे ना तिथे?" दिवसभर खारवायचा कोबी चिरत बसले. सुरीच्या आवाजावरून त्याला काय ते कळलं असावं. संध्याकाळी आपणहून भांडी घासली.

(त्याला मराठी वाचता येत नाही हे किती बरं आहे.)

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मेरिम आली होती. सायकलवरून, नाक लाल करून. नकाशाची सगळी व्यवस्था हीच बघते. सव्वीस वर्षांची. दिवसा दाताच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते, उरलेला जीव नकाशाला. घरी सासू, सासरे, दीर, सगळ्यांचं करून. पोर गुणी. मी बोलत असताना कधी मधे तोंड घालत नाही. सकाळी सायकलवर बोटं गारठतात म्हणून गेल्या हिवाळ्यात तिला हातमोजे विणून दिले होते, मोहरीच्या रंगाचे. डाव्याच्या अंगठ्याला लोकर पुरली नाही, तो करडा केला. थट्टा होत असेल, तरी घालते.

भांडणं मिटवायला आमची तिघांची समिती आहे — मी, मेरिम आणि गेन्नादी पेत्रोविच, म्हातारे भूमापक. कुणाला हाकलायचं तर तिघांचं एकमत लागतं. हाही माझाच नियम. मेरिमला म्हटलं, "तक्रार माझी. मग मी निवाड्याला बसणं बरं दिसेल का?"

"एजे, तुम्हाला उठा असं कोण म्हणणार?"

बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. एजे म्हणजे थोरली बहीण. चाळीस वर्षं झाली ऐकून, अजून गोड लागतं.

"किर्पीचं काय करावं म्हणतेस?"

"तुम्ही म्हणाल तसं, एजे."

"तुला स्वतःचं मत नाही?"

"आहे ना. हाकलावं." आणि लगेच चहा ओतायला उठली. पेला अर्धाच भरला, रीतीप्रमाणे. साखर दोनदा घातली. दमली असेल.

बैठक दहा तारखेला, रविवारी.

४ नोव्हेंबर

कोक-बुलाकला गेले. म्हटलं, आपणच फोटो काढू आणि त्या किर्पीच्या तोंडावर फेकू.

दुकान होतं. दुकानामागे गल्लीही होती. साठ पावलं. मग भिंत. काँक्रीटची, दोन माणसं उंच, पलीकडे कसलंसं गोदाम. मी तिच्यासमोर उभी. भिंतीवर हात ठेवून पाहिला — कशासाठी, कोण जाणे.

तंदूरमधून सामसे (आपले समोसेच, पण भाजलेले) काढणारी एक बाई बघत होती. "एजे, काय हरवलं?"

"रस्ता होता इथून. शाळेकडे."

"होता की! चार वर्षं झाली भिंत घालून. तुम्ही कुठून आलात, चंद्रावरून?"

म्हणजे मी नकाशावर ती गल्ली काढली तेव्हा भिंतीला दोन वर्षं झाली होती. मी आलेच नव्हते इथे बघायला. घरी उबेत बसून काढली. आठवणीने.

बाईने कागदात गुंडाळून एक सामसा हातात दिला. पैसे घेईना. माझं तोंड तेवढं पडलं होतं म्हणायचं.

५ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. बर्फ पडला.

६ नोव्हेंबर

सापारला फोन केला. अकरा वर्षं माझ्या गाडीचा ड्रायव्हर होता, अजून नोकरीत आहे. सरळ विचारलं, "कोक-बुलाकला कधी गाडी अडकली होती का?"

आधी गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "कुसुम-एजे, तुम्हाला कोणी सांगितलं?"

सप्टेंबरच्या शेवटी. गाडीत बाळंतीण. नकाशा म्हणाला दुकानामागून जा, गेले, समोर भिंत. गल्ली इतकी अरुंद की गाडी वळेना, उलटी काढावी लागली. चौदा मिनिटं गेली. मुलगी गाडीतच झाली. "तीन किलो दोनशे," सापार म्हणाला. "आवाज तुमच्यासारखा, एजे. खणखणीत." मला हसवायला म्हणाला. मी हसले नाही. चौदा मिनिटं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

मग एक काम केलं, जे दोन वर्षांत कधी केलं नव्हतं. नकाशात माझ्या नावापुढचं जुन्या बदलांचं पान उघडलं. ते सगळ्यांना उघडंच असतं, कुणीही बघावं. मी काढलेल्या साठ गल्ल्या. त्यातल्या तेवीस नंतर कुणीतरी सरळ केलेल्या. गेन्नादी पेत्रोविचने पाच, मेरिमने चौदा, इतरांनी चार. एकानेही मला एक ओळ लिहिली नव्हती. कोक-बुलाकची तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली.

तेवीस!

७ नोव्हेंबर

मेरिमला बोलावून घेतलं. कोट काढायच्या आतच सुरू केलं.

"तेवीस गल्ल्या, मेरिम! आणि कुणी तोंड उघडलं नाही?"

"एजे, तुम्ही माझ्या आईपेक्षा मोठ्या. कसं सांगायचं?"

"जिभेने!"

"घरात मी सासऱ्यांचं नाव उच्चारत नाही. सासूकडे पाठ करून खोलीबाहेर पडत नाही. आणि तुम्हाला तोंडावर म्हणू, चुकलं?"

"मग काय केलंत?"

"गुपचूप नीट करायचो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि गाडी अडकली तेव्हा?"

"तेव्हा रडले."

"रडून भिंत हलते का?"

मान खाली घालून बसली. मी थांबायला हवं होतं. मी कुठली थांबते! म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दिवाणखान्यातल्या शोभेच्या बशीसारखं वर ठेवलंत. पुसायचं, हात लावायचा नाही. माझा खरा मान ठेवला तो त्या किर्पीने. उद्धट आहे मेला, पण जाऊन बघून आला, आणि जे दिसलं ते मला सांगितलं."

मेरिमचा पेला कलंडला. सगळा चहा पांढऱ्या टेबलक्लॉथवर. कानांपर्यंत लाल झाली, सॉरी सॉरी करत बाहीनेच पुसायला लागली. मला वाटलं, जरा जास्तच लागलं हिला.

८ नोव्हेंबर

आज सिस्टर फिलोमिना आठवली. बेळगावच्या कॉन्व्हेंटमधली. शिवणाच्या तासाला विणकाम हातात घ्यायची, चुकलेला टाका शोधायची आणि सगळ्या वर्गासमोर सुई ओढून तिथपर्यंत उसवायची. मी घरी जाऊन ढसाढसा रडायचे. एकदा म्हणाली, "जिचं मी उसवत नाही ना, तिच्याकडून मला काही आशा नसते."

चीड अजून आहेच. पण आता ती किर्पीवर नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

बैठक आमच्याच घरी. बोर्सोक तळले, आपल्या शंकरपाळ्यांसारखे पण फुगीर, मुरंबा काढला. गेन्नादी पेत्रोविच टाय लावून आले होते. न्यायाधीशच!

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "आज तुम्हाला गंजलेल्या म्हणाला. उद्या मला प्रेत म्हणेल. हाकला."

मेरिम म्हणाली, "हाकला." मग माझ्याकडे बघून अगदी काकुळतीला येऊन, "एजे, खरंच हाकला त्याला."

मी म्हटलं, नाही.

"दोक्तोर! तक्रार तुमची होती!"

"मागे घेते. शब्द वाईट होता, त्याची माफी त्याने मागायची. गल्ली पुसली ती बरोबर पुसली. ती पुसलेलीच राहील. आणि मुळात मी आज इथे बसायलाच नको होतं, तेही कुणी मला सांगितलं नाहीत."

गेन्नादी पेत्रोविच उभेच राहिले. "मग मी आहे तेवढा सगळा नकाशा उचलतो आणि वेगळी चूल मांडतो! उघडा आहे, कोणी अडवू शकत नाही!"

"मांडा. माझ्या उरलेल्या चुकाही घेऊन जा बरोबर. छत्तीस गल्ल्या अजून तपासायच्या आहेत."

हे ऐकून ते घुटमळले. तेवढ्यात इशेनबेक चहाची किटली घेऊन आला आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला. काठोकाठ! आमच्याकडे पाहुण्याला असा भरला म्हणजे, निघा आता. पन्नास वर्षांपासून या गावात राहणाऱ्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. आधी पेल्याकडे बघितलं, मग इशेनबेककडे, मग टाय सैल करून असे हसले की खोकला लागला. "ठीक आहे, बसतो. पण अर्धा करा हा."

मग तासभर नीट बोललो. दोन नियम नवे. चूक दिसली तर जिची किंवा ज्याची, त्याच माणसाला, त्याच दिवशी, आपल्या नावानिशी सांगायची. वय बघायचं नाही. आणि तक्रार करणाऱ्याने निवाड्याला बसायचं नाही. तिघांचं एकमत. मेरिमने हात सगळ्यात शेवटी वर केला. अर्धवटच.

बोर्सोक संपले. चांगले झाले होते.

१२ नोव्हेंबर

किर्पीची माफी आली. जशीच्या तशी उतरवते. '"गंजलेल्या" या शब्दाबद्दल माफी. तो कामावर नव्हता, तुमच्यावर होता. भिंतीबद्दल माफी नाही.'

भिंतीबद्दल माफी नाही! शाबास. दोनदा वाचलं. इशेनबेकलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे तर तूच लिहिल्यासारखं वाटतंय."

१४ नोव्हेंबर

आज तीन गल्ल्या पायी तपासल्या. इशेनबेक मोजपट्टीचं एक टोक धरून पुढे, मी दुसरं धरून मागे, हुकूम सोडत. दोन बरोबर निघाल्या. तिसरीत कुणीतरी कोंबड्यांचं खुराडं बांधलंय, पण माणूस जातो, स्ट्रेचर जातं. तसं लिहिलं नकाशात. 'आठवणीने' नाही — 'स्वतः पाहून, १४ नोव्हेंबर'. पाय दुखतात. झोप मस्त लागेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

किर्पीने खातं बंद केलं. स्वतःहून. निरोप नाही, काही नाही. चुटपुट लागली. त्याची आठवण म्हणून तो पहिला फोटो, जो मी रागाने उघडला नव्हता, तो आज उघडला.

तीच भिंत. भिंतीला लावलेली मोजपट्टी. मोजपट्टी धरलेला डावा हात. हातमोजा मोहरीच्या रंगाचा. अंगठा करडा.

मग मेरिमला फोन लावला. म्हटलं, "उद्या सकाळी चहाला ये. हातमोजे घालून ये."

पलीकडे खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एजे... कालव्याजवळची तुमची गल्लीसुद्धा चुकली आहे."