नववा पाठ येईपर्यंत

१ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज पहाटे पाचला उठणार. (आज पावणेसात झाले. पण निश्चय उठल्यावर केला, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.)
कारण असं. काल जेवताना छकुली म्हणाली की बाबा, तुम्हाला मी कळतच नाही. मला! सव्वीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळतोय. चाळीस हजार फायली. कुठली कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. आणि घरातली एक सतरा वर्षांची मुलगी कळत नाही म्हणे. जिव्हारी लागलं. जेवण गेलं नाही. भात परत घेतला तो केवळ तिला वाईट वाटू नये म्हणून.
पोस्टाने कोर्स मागवला आहे. माणसाच्या मनाची वाढ, तान्हेपणापासून प्रौढपणापर्यंत. बारा पाठ. तीन दिवसांत एक म्हटलं तरी छत्तीस दिवसांत मुलगी समजलेली असेल.

६ फेब्रुवारी
पार्सल आलं. पुस्तक जाडजूड. ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, लेबल लावलं, पानांना नंबर घातले (छापील नंबर होते, पण आपले असलेले बरे). एवढ्यात संध्याकाळ झाली.
छकुलीचं वय नवव्या पाठात येतं. ही म्हणाली, अहो, मग तोच उघडा ना आधी. मी नुसता हसलो. सव्वीस वर्षांत माझ्याकडे एकही फाइल नंबर सोडून वर आलेली नाही. साहेबांचा रजेचा अर्जसुद्धा एकशे चौदावा होता. मंजूर झाला तेव्हा साहेब रजेवरून परत आले होते. पण शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी
पहिला पाठ संपला. जन्माआधीची अवस्था. निरीक्षणाला वाव कमी.
थोडा उशीर झाला आहे. पुढचे पाठ सोपे असणार.

१९ फेब्रुवारी
छकुली एक अर्ज घेऊन आली. तिला कृत्रिम हात-पाय बनवायचं शिक्षण घ्यायचंय. तीन वर्षं. दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर. वय अठरा पूर्ण नसल्याने पालकाची सही लागते. शेवटची तारीख १८ मार्च. म्हणाली, बाबा, अर्धा तास द्या, सगळं नीट सांगते.
खरं सांगायचं तर मी घाबरलो. हॉस्टेल! पण तिला तसं दाखवलं नाही. शांतपणे सांगितलं की मी सध्या दुसऱ्या पाठात आहे. तुझा विषय नवव्यात येतो. तिथे पोचलो की अर्धाच काय, पाऊण तास देईन. अर्जावर आवकचा शिक्का मारला, क्रमांक १ घातला, पोच दिली.
पोच हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. एवढ्या पद्धतशीर कारभाराची मुलांना सवय नसते.

२४ फेब्रुवारी, रविवार
पाठ तिसरा. तान्हं बाळ. वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंचं बाळ सात महिन्यांचं आहे. सगळे त्याला ढब्बू म्हणतात. परवानगी घेऊन गेलो.
पाठात म्हटलंय की या वयात वस्तू दिसेनाशी झाली की बाळाच्या लेखी ती संपलीच. कापड उचलून शोधायचं त्याला सुचत नाही. पुढे हळूहळू उमगतं की नजरेआड झाली तरी वस्तू असते.
खुळखुळा विसरलो होतो. म्हणून खिशातल्या ऑफिसच्या किल्ल्या बाळासमोर धरल्या आणि नॅपकिनखाली ठेवल्या. ढब्बूने शोधल्या नाहीत. माझ्याकडे बघून जांभई दिली. प्रयोग शंभर टक्के यशस्वी.

२५ फेब्रुवारी
रेकॉर्ड रूम दुपारी साडेबारापर्यंत बंद. किल्ल्या सापडेनात. साहेब बोलू नये ते बोलले. शेवटी डेंटिस्टबाईंचा फोन आला की नॅपकिनखाली काहीतरी टोचतंय.
छकुली खोखो हसली. म्हणाली, बाबा, ढब्बूचं वय सात महिने, तुमचं किती? या वयातली मुलं आईबापांची टिंगल करतात असं ऐकून आहे. नववा पाठ आला की पडताळून बघेन.

४ मार्च
पहिला स्वाध्याय तपासून आला. मी अकरा पानं लिहिली होती, त्यांतली नऊ माझ्या चिकाटीबद्दल. परीक्षकांनी लाल शाईने लिहिलंय की निरीक्षण बाळाचं करावं, निरीक्षकाचं नव्हे. दहापैकी तीन.
माणूस कुढ्या स्वभावाचा दिसतो. त्याचं बालपण कसं गेलं असेल याचा विचार केला पाहिजे.
पाचला उठण्याचा कार्यक्रम उद्यापासून.

८ मार्च
चौथा पाठ. बाळाच्या मनात विश्वास कसा तयार होतो. बाळ हाक मारतं, कुणीतरी येतं. असं पुन्हा पुन्हा झालं की त्याला वाटतं, या जगावर भरवसा ठेवायला हरकत नाही. सुंदर! या वाक्याखाली दोनदा रेघ मारली.
वाचताना छकुली दाराशी येऊन बाबा, बाबा करत होती. हातानेच थांब म्हटलं. तंद्री मोडते. वाचून झाल्यावर बघतो तर गेलेली.

११ मार्च
हिने आज तोंड सोडलं. म्हणाली, अर्जाची तारीख आठवड्यावर आली, मुलगी रोज दाराशी येऊन परत जाते, आणि तुम्ही कसले बाळाला डोळे मिचकावत बसलाय! मी म्हटलं, सही करायला मला एक सेकंद लागतो. पण न समजून घेता सही करणारा बाप मी नाही. समजून घ्यायला नववा पाठ हवा. मी आहे पाचव्यात. सात दिवसांत चार पाठ, म्हणजे दिवसाला अर्ध्याहून थोडा जास्त. सहज शक्य.
हिने कपाळावर हात मारला. हिशेब पटला नाही की कळला नाही, सांगता येत नाही.

१२ मार्च
पाचवा पाठ. दोन-तीन वर्षांचं मूल. सगळं माझं मीच करीन, माझ्या पद्धतीने करीन, कुणाचं ऐकणार नाही, असा हट्ट. या वयाचं मूल निरीक्षणाला कुठे मिळेल, असं हिला विचारलं. म्हणाली की घरातच एक आहे, ब्याऐंशी किलोचं.
ब्याऐंशी किलो म्हणजे मी नव्हे. माझं शहात्तर आहे. मग ब्याऐंशी किलोचं कोण? छकुली तर एवढी भरणार नाही. म्हणजे ही स्वतःबद्दल बोलत असावी. प्रामाणिक आहे बिचारी.

१४ मार्च
छकुलीचा वाढदिवस. अठरा! केक आणला. त्यावर छकुली असं लिहून घेतलं. तिने सुरीने आधी ते नावच कापलं, योगायोगाने.
मी एक उत्तम फाउंटन पेन भेट दिलं. मनापासून आवडलं तिला. लगेच शाई भरली, कागदावर आपली सही करून पाहिली, मग आणखी एकदा. सही छान आहे. पहिल्यांदाच बघितली.
मग म्हणाली, बाबा, माझा तो अर्ज परत द्या. मी आत जाऊन फाइल काढली, जावक क्रमांक घातला आणि दिला. हायसं वाटलं. हेच म्हणत होतो मी! या वयातली मुलं आज एक म्हणतात, उद्या दुसरं. बापाने नुसता धीर धरायचा असतो. हॉस्टेलचं खूळ गेलं. आज छान झोप लागणार.

१९ मार्च
टेबलावर एक कागद. त्या अर्जाची प्रत. वर टाचणीने चिठ्ठी लावलेली: बाबा, तुमच्या रेकॉर्डसाठी.
अर्ज काल भरून झाला. पालकाची सही या रकान्यात नव्या पेनाने लिहिलंय, लागू नाही.
अठरा पूर्ण म्हणजे सज्ञान. हे मला ठाऊक का नव्हतं? ठाऊक होतं. पण ते बाराव्या पाठात येतं.
लागू नाही हा शेरा मी आजवर हजारो कागदांवर मारला असेल. वाचायला कसा लागतो ते माहीत नव्हतं.

२० मार्च
घाबरण्याचं कारण नाही. यादी लागायची आहे. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. तोवर वेग वाढवून नववा पाठ गाठणार. उद्या पाचला उठणार. गजर हिच्या उशाशी ठेवला आहे.

२९ मार्च
यादी लागली. छकुलीचं नाव दुसरं.
अभिमान वाटला. साहेबांना सांगितलं, डेंटिस्टबाईंना सांगितलं, ढब्बूलासुद्धा सांगितलं. सगळ्यांनी विचारलं की त्या कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात. मला सांगता येईना. म्हटलं, बरंच काही.
५ एप्रिलला सकाळी जाणार. सहावा पाठ चालू.

३ एप्रिल
सहावा पाठ चालू. शब्द दिसतात, पण आत शिरत नाहीत.

४ एप्रिल, दुपारी ४.००
आयुष्यात पहिल्यांदा नंबर सोडला. थेट नववा पाठ उघडला. सगळा मिळून साडेचार पानांचा. तान्हेपणाला बावन्न पानं होती! त्या साडेचार पानांत पालकांनी काय करावं या मथळ्याखाली एकच परिच्छेद. मूल बोलायला आलं तर हातातलं काम बाजूला ठेवावं. खाली स्वाध्याय नाही, प्रयोग नाही, काही नाही.

दुपारी ४.२०
छकुलीच्या खोलीपाशी गेलो. आत कपड्यांच्या घड्या, पुस्तकं, दोऱ्या, उघडी बॅग. दारातून म्हटलं, बाळ, अर्धा तास आहे का? तुझ्या कोर्सबद्दल सगळं नीट सांग मला.
तिने मान वर करून बघितलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, बाबा, आधी बॅग भरायचीय, मग बाजारात जायचंय, मग मैत्रिणी येतायत भेटायला. त्यानंतर तुम्ही.
मी विचारलं, म्हणजे माझा नंबर चौथा? ती म्हणाली, हो, चौथा. आणि टेबलावरचा कागदाचा चिटोरा घेऊन त्यावर चार लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला.

संध्याकाळी ६.३०
खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो आहे. मैत्रिणी अजून आत आहेत. हसण्याचे आवाज येतायत. मघाशी एकदा दार वाजवलं, तर आतून बाबा, थांबा जरा अशी हाक आली. थांबलो आहे. चिटोरा खिशात आहे.