मायग्रेशन झालं की

१ जुलै, सोमवार. सकाळ.
ऑस्ट्रेलियाचं नवं आर्थिक वर्ष. नवी वही. नवा गार्थ ट्रेगेन्झा.
संकल्प: हत्तीला हाकलणे. मांस-बटाटा भरलेली पेस्टी आठवड्यातून एकदाच. डायरी रोज.

हत्ती म्हणजे आमचा टॅक्सचा प्रोग्राम. घेतला तेव्हा पिल्लू होता. कंपनीने दरवर्षी त्याला काहीतरी खायला घातलं. आता त्यात पगारपत्रकं आहेत, ग्राहकांना वाढदिवसाची कार्डं पाठवायची सोय आहे, आणि "आज कसं वाटतंय?" असं विचारणारं एक पिवळं तोंड आहे. एखाद्या पेन्शनर बाईचं रिटर्न उघडायला सांगावं, किटली चढवावी, चहा पिऊन परत यावं. तोंड अजून विचारतंय.

त्यात यंदा वर्गणी वाढवली. बस्स झालं. आजपासून चिमणी. (हे नाव मी ठेवलंय. खरं नाव जिभेवर बसत नाही.) हलकी, स्वस्त, सगळं इंटरनेटवर. विकणारी बाई म्हणाली की सगळी माहिती इकडून तिकडे न्यायला एक दुपार पुरते. याला मायग्रेशन म्हणतात.

कोरॅलीने विचारलं, ऑक्टोबरअखेरच्या मुदतीची गर्दी ओसरल्यावर केलं तर नाही का चालणार? कोरॅली रोवेट माझी असिस्टंट. कडीना गावात मी टॅक्सच्या कामाची पाटी लावली तेव्हापासूनची. बाई सोन्यासारखी, पण बदल म्हटला की बिचकते. मी तिला सांगितलं, आजचं काम उद्यावर ढकलायची मला सवय नाही.

३ जुलै, बुधवार.
एक दुपार पुरली नाही. दुसरीही नाही. नावाच्या जागी आडनाव आलंय आणि आडनावाच्या जागी गाव. आमच्या निम्म्या ग्राहकांचं आडनाव आता वॉलरू आहे. कोरॅली एकेक दुरुस्त करतेय. मी देखरेख करतोय. मान आखडली.

५ जुलै, शुक्रवार.
कोरॅलीने ऑगस्टच्या मध्यात दोन आठवड्यांची रजा मागितली. तिचा नवरा लिंडसी आयुष्यभर गव्हाचे ट्रक चालवायचा. ती सगळी धूळ आता छातीत बसलीय. त्यांच्या मुलीला, टॅम्झिनला, पर्थमध्ये मुलगा झालाय. लिंडसीला नातू बघायचाय. डॉक्टर म्हणतात, विमानात अजिबात बसायचं नाही. म्हणून आगगाडीने. वाळवंट ओलांडून, ऑक्सिजनची बाटली घेऊन.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. कारण विचारलं नाही. म्हणजे तिने आधीच सांगितलं होतं, पण नसतं सांगितलं तरी विचारलं नसतं. असा साहेब आजकाल मिळतो कुठे?

१२ जुलै, शुक्रवार.
चिमणीला शेतकरी येत नाहीत. बऱ्या-वाईट वर्षांची सरासरी काढून शेतकऱ्याचा टॅक्स ठरवतात, ते तिला जमत नाही. माझे अर्धे ग्राहक शेतकरी. विकणाऱ्या बाईला फोन केला. म्हणाली, ती सोय "वाटेत आहे". कुठल्या वाटेत ते नाही सांगितलं.

तूर्त शेतकरी हत्तीवर, बाकीचे चिमणीवर. दोघांची वर्गणी चालू. काही नावं दोन्हीकडे, ती कोरॅली दोनदा भरते. तात्पुरतंच आहे.

संध्याकाळी लिंडसीचा फोन. वॉलरूच्या धक्क्यावर माकुळ लागलेत म्हणे. रविवारी चल, मी खुर्चीत बसतो, तू गळ टाक, मी शिव्या देतो. बोलताना मध्ये मध्ये थांबत होता. सांगितलं, मायग्रेशन झालं की नक्की. तो म्हणाला, ते काय असतं? समजावून सांगितलं. बराच वेळ लागला.

१३ जुलै.
पेस्टी. या आठवड्यातली तिसरी. तणावातली धरत नाहीत.

२३ जुलै, मंगळवार.
स्टाव्हरॉस आला. त्याचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. त्याचा रिफंड दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेलाय. भर ऑफिसात म्हणाला, "गार्थ, मासे मी तळायचे आणि जेवायचं दुसऱ्याने?" बाहेर बसलेल्या दोघी हसल्या.

चिमणीचा दोष. आकड्यांची खिडकी इतकी बारीक की त्यात माणूस काय टाइप करणार. कोरॅलीने हळूच दाखवलं की आकडा मी टाकला होता. असेल. पण खिडकी बारीकच आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार.
मोठा निर्णय. हत्तीही नको, चिमणीही नको. घोडा! काल त्याचं प्रात्यक्षिक बघितलं. शेतकरी येतात, दुकानदार येतात, पिवळं तोंड नाही. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, सवलत होती.

मायग्रेशन नव्याने. दोन जनावरांचं ओझं तिसऱ्यावर चढवायचं म्हणजे कोरॅली लागणार. तिला म्हटलं, रजा सप्टेंबरमध्ये घे, तेव्हा हवाही छान असते. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

रात्री जेवताना बेवला सांगितलं. बेव माझी बायको, शाळेत शिकवायची, अजून शिकवते. म्हणाली, "गप्प बसणं म्हणजे हो, हे तुला कुणी शिकवलं?" विषय वाढवला नाही. बेवला सॉफ्टवेअरमधलं कळत नाही.

७ ऑगस्ट.
कोरॅलीने जेवणाच्या सुट्टीत आगगाडीवाल्यांना फोन करून तारीख बदलली. थोडे पैसे कापले. मी देतो म्हटलं. नको म्हणाली. स्वाभिमानी आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार.
रोवेटांच्या घरावरून गाडीने गेलो. लिंडसी व्हरांड्यात उन्हाला बसलेला, नाकात नळी, गुडघ्यावर पांघरूण. हॉर्न दिला. त्याने हात वर केला. बराच वेळ वरच ठेवला होता, आरशात दिसला. तब्येत एकदम ठीक वाटली. थांबणार होतो, पण पाचला घोड्याचं ऑनलाइन शिबिर होतं.

शिबिरात आवाजच येत नव्हता. नुसते ओठ बघितले.

४ सप्टेंबर, बुधवार.
मोहरीसारखी पिवळी शेतं फुललीत सगळीकडे. खिडकीतून दिसतात. बाकी वेळ स्क्रीन.

घोडा हुशार आहे, फक्त मनस्वी आहे. सोमवारी चालतो, मंगळवारी बसतो. मदतीच्या खिडकीत लिहिलं की मूंटा गावचे सगळे ग्राहक गायब आहेत. उत्तर आलं, "छान प्रश्न!" मग एक लेख पाठवला, ग्राहक कसे वाढवावेत. शेवटी विचारलं, तुमचं समाधान झालं का? "नाही" दाबलं. "धन्यवाद" आलं.

मूंटा कोरॅलीने जुन्या कागदांवरून पुन्हा भरलं. हल्ली ती दुपारी डबा खात नाही. मी बोललो नाही. वजनाबद्दल बायकांना बोलू नये.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.
आज जरा झालं.

रजेची तारीख जवळ आली. मी फक्त सुचवलं की आता इतकं थांबलीस तर ऑक्टोबर उरकू दे, मग अख्खा नोव्हेंबर घे. भरपगारी! हवा तर वर एक आठवडा माझ्याकडून. याहून माणूस काय करणार?

ती उभी होती. फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "गार्थ, नोव्हेंबर त्याच्या वाट्याला आहे की नाही, मला माहीत नाही."

मी म्हटलं, डॉक्टर असंच सांगतात, माझ्या काकांना तीनदा सांगितलं होतं. ती म्हणाली, पंचवीस तारखेची गाडी आहे आणि आम्ही जाणार आहोत. विचारत नव्हती, सांगत होती. अर्थातच जा, म्हणालो. मी कधी अडवलं होतं?

तिच्यासाठी स्वतः चहा केला. दोन चमचे साखर. ती साखर घेत नाही, हे ती पिऊन झाल्यावर आठवलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
कोरॅलीचा सकाळी फोन. लिंडसीला पहाटे धाप लागली. वॉलरूच्या हॉस्पिटलात ठेवलंय. गाडीचं रद्द. आवाज अगदी सपाट होता, जणू कुणाची अपॉइंटमेंट बदलतेय. स्टाव्हरॉसचं पत्र टाइपून ठेवलंय, फक्त सही कर, असंही म्हणाली.

निदान आगगाडीत काही झालं नाही. वाळवंटात कुठे डॉक्टर मिळाला असता? एका दृष्टीने बरंच झालं, असं बेवला म्हणालो. बेव उठून दुसऱ्या खोलीत गेली.

२९ सप्टेंबर, रविवार.
लिंडसीला बघायला गेलो. लॅपटॉप बरोबर नेला, कारण घोडा माहिती जुळवत होता आणि मध्येच बंद केला तर पहिल्यापासून.

पलंगावर तो फार कमी जागा घेत होता. हा माणूस गव्हाची पोती एका हाताने फेकायचा. टॅम्झिन बाळाला घेऊन विमानाने आलीय, सगळे खाली चहाला गेले होते. लिंडसी म्हणाला, पोरगं त्याच्या छातीवर झोपलं होतं सकाळी, नळीशी खेळत होतं. मग विचारलं, ते मांडीवर काय? सांगितलं. स्क्रीनवर एक निळी पट्टी होती, हळूहळू भरत होती. आम्ही दोघं ती बघत बसलो.

"पुढे सरकत नाही रे," लिंडसी म्हणाला.

"सरकते. सावकाश."

तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ नुसताच श्वास घेत राहिला. म्हणाला, कोरॅली घरी आली की रोज सांगायची, आज गार्थने काय नवीन जनावर आणलं. आम्ही हसायचो. दिवसभरात तेवढंच हसायला असायचं.

मला बरं वाटलं. म्हणजे माझा उपयोग झाला.

मग त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "आता तिला सोड, गार्थ."

मी म्हटलं, अरे, नोव्हेंबर दिलाय ना पूर्ण. त्याने डोळे मिटले. झोप लागली असावी. पट्टी शेवटाला आली होती, तेवढ्यात हॉस्पिटलचं वायफाय गेलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
लिंडसी काल गेला. सुट्टीचा दिवस होता. बेवने फोन घेतला. मी बागेत होतो. तिला हात पुसत विचारलं, काय झालं, आणि तिने सांगितलं. मग मी पुन्हा बागेत गेलो. पाण्याची नळी तशीच चालू होती.

आज ऑफिस. घोडा व्यवस्थित चालला. दिवसभर.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.
अंत्यविधी. चर्चमध्ये माणसं मावत नव्हती. ट्रकवाले सगळे इस्त्रीच्या शर्टात. नंतर हॉलमध्ये चहा-सँडविच. मी कोपऱ्यात उभा होतो, तर एकेक जण येऊन विचारू लागला, माझं रिटर्न झालं का? स्टाव्हरॉसनेही विचारलं. मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. तेवढ्यात लक्ष गेलं, समोर कोरॅली बाळाला घेऊन उभी आहे आणि माझ्याकडे बघतेय. रागाने नाही. स्टेशनवर सुटणाऱ्या गाडीकडे बघतात तसं.

तिला भेटायला गेलो. वाक्य तयार केलं होतं. ऐनवेळी म्हणालो, काही लागलं तर सांग, आणि सोमवारची काळजी करू नकोस, मंगळवारी आलीस तरी चालेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
कोरॅली आली! सगळं ठीक होणार हे माहीतच होतं. टेबल पुसलं, राहिलेले शेतकरी सगळे संपवले, मूंटा तपासलं. चार वाजता किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या.

"नोव्हेंबर दिला होतास ना," ती म्हणाली. "मी पर्थला जाते. टॅम्झिनकडे."

मी म्हटलं, जरूर. गाडीची चौकशी करू का?

"विमानाने जाते. आता काय अडचण आहे?"

परत कधी, असं विचारलं. तिने पर्समधून रुमाल काढला, पण नाक पुसलं नाही, हातातच धरला. म्हणाली, घर विकायला काढलंय. तुझं वाईट चिंतत नाही गार्थ, पण त्या दोन आठवड्यांबद्दल मला इथे बसून रोज विचार करता यायचा नाही.

मी म्हटलं, मायग्रेशनमुळे... ती म्हणाली, हो. माहीत आहे मला.

जाताना दारातून म्हणाली, लिंडसीचं शेवटचं रिटर्न तेवढं तू कर. दुसऱ्या कुणाकडे नको. पैसे घेऊ नकोस म्हटलं तरी घेशील, म्हणून सांगत नाही. हे ती थट्टेने म्हणाली. मला वाटतं थट्टेनेच.

२४ ऑक्टोबर.
नवीन असिस्टंटसाठी जाहिरात दिली. "तीन प्रोग्राम येणे आवश्यक." कुणाचाही फोन नाही.

बेव म्हणाली, घर विकलं जायच्या आत तिच्याकडे जा, आणि तोंड उघडून माफी माग, शेतकऱ्यांचं बोलू नकोस. जाणार आहे. आधी ऑक्टोबर उरकतो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ.
कोरॅलीचं विमान सकाळी गेलं. बेव विमानतळावर सोडायला गेली होती. मला सकाळी एक ग्राहक होता. तो आला नाही.

गर्दी संपली. सगळी रिटर्न्स गेली. यंदाचा ऑक्टोबर यशस्वी म्हणायला हवा.

शेवटी लिंडसीचं उघडलं. घोडा पटकन उघडला, कधी नव्हे तो. पेन्शन, थोडं व्याज, बाकी काही नाही. पत्नीचं नाव. मृत्यूचा दिनांक. "हे शेवटचे रिटर्न आहे" पुढे खूण केली. टॅक्स शून्य, परतावा शून्य. पाच मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा प्रोग्राम मध्ये काही न विचारता शेवटापर्यंत गेला.

पाठवलं. मग एक चौकोन आला. ही माहिती पुढील वर्षासाठी जपून ठेवायची का? हो. नाही.

बेवचा फोन आला, जेवण गार होतंय.

"हो" दाबलं. पुन्हा सगळं कोण टाइप करत बसणार.