कोण कोणाला आणणार

१९ मे, सोमवार

पुन्हा खोडलं. अडतीस घरांचा पाडा, आणि एका नावापुढची जागा अजून रिकामी!

रिचर्ड सर माणिकपूरच्या संस्थेतून येतात. त्यांचं म्हणणं सोपं — ओहोळाला पाणी चढलं की ज्याला चालता येत नाही त्याला कोण बाहेर आणणार, हे आधीच ठरलेलं हवं. पूर्वी पाणी चढायला अर्धा दिवस लागायचा. आता आभाळ तासाभरात सगळं ओतून टाकतं, आणि वरच्या अंगाला गोदामांसाठी भराव टाकलाय. गेल्या वर्षी जानूबुवा खाटेवरच राहिले. पाणी उतरल्यावर मिळाले. ते कुणी विसरलेलं नाही.

मी अंगणवाडी सेविका, घरोघरी मीच फिरते, म्हणून यादी माझ्या गळ्यात. अकरा जणांना आणायचंय. दहांची सोय एका दुपारात लागली. अकरावी कमळी. माझी सासू.

२१ मे

कुणी घेईना. शत्रुघ्नला विचारलं, तिचा सख्खा पुतण्या. म्हणाला, "म्हातारी मना शिव्या देल. आनि तूच का नाय? सून कोनाची?"

सून! सहा वर्षं तिने माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. नवरा, हरेश, मारायचा म्हणून मी पोलिसात गेले. हरेश पाडा सोडून नालासोपाऱ्याला गेला. माझ्यामुळे तिचा मुलगा गेला — एवढंच तिच्या डोक्यात. मी आणि माझी रीमा पाड्याच्या वरच्या टोकाला राहतो, ती ओहोळाला लागून. खुबा मोडल्यापासून दिवसभर दारात बसून असते. मी समोरून गेले की तोंड फिरवते.

२४ मे

हरेशला फोन केला. आईला पावसापुरती घेऊन जा म्हटलं.

"बघतो. खोली लहान आहे." मागे टीव्ही जोरात चालू.

२ जून

माझंच नाव लिहिलं. पेनाने. कुणी बोट दाखवू नये म्हणून लिहिलं, की खरंच जाणार आहे मी? माहीत नाही. सारखी उठते, बसते. भात दोनदा लागला तळाला.

८ जून, रविवार

सराव. काय ती फजिती!

सरांनी शिट्टी वाजवली. सगळ्यांनी आपापलं माणूस घेऊन डांबरी रस्त्याने आश्रमशाळेत जायचं, असं ठरलेलं. मी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून सासूच्या दारात गेले.

"हात नको लावू."

सहा वर्षांनी पहिले शब्द! बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती माझ्या डोक्यावरून सरांवर ओरडली, "ओ सायेब, रस्त्यानं नेऊन मारता का सगल्यांना?"

सर जवळ आले. म्हणाली, "गोदाम झाल्यापासून पानी पहिला ओहोळातून नाय येत. मागून येतं, रस्त्यावरनं. तुम्ही सगली कामाला जाता. मी दिसभर हितंच बसते. मी बघते."

"मावशी, नकाशात रस्ता उंच दाखवलाय."

"नकाशा भिजतो का?"

आता लोक सरांना हसले. मला हसू आलं नाही. राग आला. म्हातारीचं खरं निघालं तर?

११ जून

निघालं. शत्रुघ्नने गवंड्याची लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली आणि सर, तो आणि मी, तिघांनी मापून बघितलं. गोदामाच्या कोपऱ्यावर रस्ता वरच्या शेताच्या बांधापेक्षा चांगला हातभर खाली आहे. गेल्या वर्षी जानूबुवांचा मुलगा त्याच रस्त्यावर अडकला होता. आम्ही कुणी विचारलंच नाही, का अडकला ते.

सर मोठ्या मनाचे. लगेच नकाशा खोडला आणि नवीन वाट तिच्याकडून विचारून घेतली — बांधावरून, माळावरून, शाळेच्या मागच्या अंगाला. मी बाहेर उभी राहून ऐकलं. आत बोलावलं नाही तिने. मीही गेले नाही.

२० जून

बावीस बाया, आठ दिवस. काटेरी झुडपं तोडली, बांधावर दगड लावले. हातांची सालटी निघाली. पण वाट झाली.

१४ जुलै

पाऊसच नाही. ऊन! रोपं पिवळी पडली. लोक चिडवतात, "तुझा पूर कुठं अडला?"

६ ऑगस्ट, बुधवार. आश्रमशाळा

काल सकाळी दहाला पाऊस सुरू झाला. पाऊण तासात रस्ता पाण्याखाली गेला, गोदामाच्या कोपऱ्यापासूनच. शत्रुघ्नने थाळी बडवली. सगळे बांधावरून निघाले. रीमाला अंगणवाडीच्या पोरांबरोबर पुढे पाठवलं. मी माळावर उभी राहून मोजत होते. आठ. नऊ. दहा.

खरं लिहायचं तर — मी तिथे थांबले. मनात आलं, पाणी वाढलं होतं म्हणून सांगता येईल. कुणी मला विचारणार नाही. किती वेळ थांबले कोण जाणे. मग खाली पळाले.

घरात गुडघाभर पाणी. ती खाटेवर बसलेली, मांडीवर पिशवी. हाक मारलीच नव्हती तिने कुणाला.

"उशीर केलास."

"हो."

खुर्ची वाहून गेली होती. पाठीवरच घेतलं. केवढीशी झालीय! बांधावर दोनदा पाय घसरला. ती कानाशी सांगत होती, "डावीकडं. डावीकडं. तिथं खड्डा हाय." बाकी काही नाही.

अकराच्या अकरा वर आले. कुणी गेलं नाही. कुणीच नाही!

९ ऑगस्ट

पाणी उतरलं. सासूच्या घराची ओहोळाकडची भिंत बसली. रीमाने शत्रुघ्नला सांगून तिला सरळ आमच्याकडे आणवलं. भात मऊ झाला म्हणून सकाळीच ओरडली माझ्यावर.

१२ ऑगस्ट

दुपारी हरेश आला. खांद्यावर बॅग. नालासोपाऱ्याची खोली चार दिवस पाण्यात होती, सगळं गेलं. "आता इथंच राहतो," म्हणाला आणि दारात चपला काढू लागला. सासू आतून बुडावर सरकत दारापर्यंत आली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घर तिचं हाय. ती सांगल."

मी नाही म्हटलं.

तो गेल्यावर ती खूप रडली. मी तिच्याजवळून उठून गेले नाही.