लाल स्कीची जोडी

जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२४

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी दोनदा ‘स्की’ म्हणाले. दोन्ही वेळा तुला ‘की’ ऐकू आलं आणि तू कपाटाच्या किल्ल्या हरवल्या का म्हणून विचारत राहिलास. कानाचं मशीन लावत नाहीस, तेव्हा पत्रच बरं.

तर बातमी अशी, की फेब्रुवारीत मी औलीला स्कीइंग शिकायला चालले आहे. गेल्या हिवाळ्यात बँकेतल्या लोकांबरोबर तिथे गेले होते, तेव्हा माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची एक बाई बर्फावरून अशी सुळकन खाली आली, की माझ्या हातातला चहा गार झाला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एक्कावन्नावं लागलं. आता नाही तर कधी?

कॅन्टोन्मेंटमधल्या एका कर्नलसाहेबांची बदली झाली आहे. त्यांच्या मिसेस आपली स्कीची जोडी बुटांसकट देऊन टाकत आहेत. लालभडक, वर सोनेरी पट्टा, आणि काठ काय सुरेख! आलोकनी विचारलं, की ही नेसायची आहे की पायात घालायची. पण मी हॉलमध्ये घालून पाहिली. पुढचं टोक टीव्हीखाली गेलं, मागचं सोफ्याखाली. वळायलाच जागा नाही, पण उभी राहिल्यावर काय रुबाब वाटला म्हणून सांगू!

आलोक म्हणतात, पागल हो गई हो. तू तसं म्हणू नकोस. वहिनींना नमस्कार. लोभ घसरू देऊ नये, ही विनंती.

तुझी
विनता

*

नागपूर
२८ नोव्हेंबर २०२४

चि. विनतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या वहिनीला म्हटलं, की आपली विनू काहून असं करून राहिली? पन्नाशीनंतर लोक गुडघ्याचे डॉक्टर शोधतात, तू गुडघे मोडायची जागा शोधून राहिली.

मी छत्तीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासले. उतार म्हणजे काय ते मला विचार. शंभर फुटांत एक फूट उतार आला, तरी आम्ही पाटी लावतो. तुझ्या त्या डोंगरावर काय लावतात? आणि गाडी रुळावर सोडायच्या आधी ब्रेक पाहतात, रंग नाही. तू रंग पाहून आलीस. त्या जोडीला ब्रेक कुठे असतो, ते कर्नलीणबाईंना विचारलं का?

लहानपणी धंतोलीच्या उतारावर तू सायकल घेऊन थेट दूधवाल्याच्या कॅनमध्ये गेली होतीस. तेव्हा दूध सांडलं, आता काय सांडेल देव जाणे.

आलोकरावांना माझा निरोप दे, की त्यांनी तुला थांबवावं. थांबत नसशील तर निदान सोबत जावं. कॅल्शियमच्या गोळ्या पाठवतो आहे. वहिनी आशीर्वाद सांगते. माया आहेच, रागही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझा
दादा

*

जबलपूर
२६ फेब्रुवारी २०२५

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण उजवा अंगठा सुजला आहे. बाकी मी सगळी शाबूत आहे. आधी एवढं वाच, मग खुर्चीत नीट बस.

लाल जोडी मी घेतलीच. चादरीत गुंडाळून गाडीत चढवली, तर समोरच्या बर्थवरच्या काकांनी चौखट कुठल्या दरवाजाची म्हणून विचारलं. आलोक शांतपणे म्हणाले, की अक्ल के दरवाजे की. तुझा निरोप मानून ते सोबत आले होते. स्वेटर घालून लांबून पाहायचं, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

आमची शिकवणारी पोरगी गढवालची. तिने लाल जोडी माझ्याशेजारी उभी धरली, तर ती डोक्याच्याही वर हातभर गेली. ती म्हणाली, की दीदी, शिकणाऱ्याची जोडी हनुवटीपर्यंत पुरे. आखूड असली की वळते आणि थांबते. लांब जोडी वेगात जायला, तीही ज्याला थांबता येतं त्याला. मला सगळं कळलं. पण एवढ्या लांबून वाहून आणलेली वस्तू सोडवेना. जमवते म्हणाले.

नुसते उभे राहून गारठलेल्या आलोकना तिने भाड्याची एक आखूड, मळक्या रंगाची जोडी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी हा माणूस टोकं जवळ, टाचा लांब अशी करून पाहिजे तिथे थांबत होता. वर मला हात हलवत होता. दादा, सव्वीस वर्षांच्या संसारात मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

मग एका सकाळी मी हट्टाने थोडी वरून निघाले. टोकं जवळ आणली, तर ती एकमेकांवर चढली. मोकळी केली, तर जोडी सरळ सुटली. शाळेच्या मुलांच्या रांगेतून ‘हटो हटो’ ओरडत मी देवदारांच्या बाजूला गेले आणि उलटीपालटी होऊन कमरेपर्यंत बर्फात रुतले. डोकं उताराच्या बाजूला, एक पाय वरच्या बाजूला बर्फात अडकलेला. हाक मारली, पण कुणी दिसेना. इथे हसू नकोस. मी खरंच घाबरले होते. रडलेसुद्धा.

तेवढ्यात वरून आलोक येताना दिसले. खालचा सपाट तुकडा सोडून ते कधी कुठे गेले नव्हते, त्या दिवशी मात्र मला न सांगता माझ्या मागोमाग वर आले होते. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले, आणि मुंगीच्या चालीने माझ्यापर्यंत येऊन थांबले. हातांनी बर्फ उकरून माझा पाय मोकळा केला. मी वाट पाहत होते, की आता बोलतील. त्यांनी अंगठा दुखतो का, एवढंच विचारलं आणि शेजारी बसले. मग मीच म्हणाले, की तुमची जोडी द्या. ती घालून मी हळूहळू उतरले, आणि ते माझी लाल जोडी खांद्यावर टाकून पायी आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हनुवटीएवढी जोडी भाड्याने घेतली. शेवटच्या दिवशी शिकाऊ उताराच्या माथ्यावरून निघाले ती डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे वळत, न पडता खाली आले. दादा, मी वळत होते! मीच ठरवत होते. खाली पोचल्यावर आलोकनी टाळ्या वाजवल्या आणि त्या नादात तेच पडले.

लाल जोडी आता गच्चीवर उभी आहे. तिच्यावर वालाचा वेल चढवायचा विचार आहे. वहिनींना नमस्कार. रागावला असशील तर लवकर निवळावं, ही विनंती.

तुझी
विनता

*

नागपूर
९ मार्च २०२५

चि. सौ. विनतास,
अनेक आशीर्वाद.

आजवर ह्यांच्या पत्राच्या शेवटी मी एका ओळीपुरती असायची. आज पूर्ण कागद माझा.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तू रुतलीस तिथे थांबले आणि चष्मा पुसायला गॅलरीत गेले. परत येऊन जाहीर केलं, की या घराण्यातलं कोणी आता बर्फावर पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी विनूबरोबर चालले. ह्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ताटाशेजारी ठेवलं.

वाचून हे म्हणाले, त्रेसष्टाव्या वर्षी? गुडघ्यांचं काय? म्हटलं, इमारतीची लिफ्ट वर्षातून सहा महिने बंद असते, तेव्हा तीन मजले भाजी घेऊन मीच चढते. पडलीस तर? म्हटलं, मग तुम्ही या उकरायला. त्यावर अर्धी पोळी ताटात टाकून उठले.

काल सकाळी मला भिंतीशी उभं केलं. कपाटातून जुनी मोजायची टेप काढली होती. हनुवटीपाशी पेन्सिलीची खूण केली, दोनदा मोजलं, आणि ताठ उभी राहा म्हणून ओरडलेसुद्धा. जायला परवानगी आहे का, ते अजून म्हणालेले नाहीत. म्हणायचेही नाहीत. आकडा मात्र मला पाठ करायला लावला आहे.

आता माझं एक काम कर. साडी तिथे चालायची नाही, एवढं मला कळतं. पण पॅन्ट मी जन्मात घातलेली नाही. परवा हे बँकेत गेले होते, तेव्हा शेजारच्या दुर्वाची मागून आणली आणि दार लावून घालून पाहिली. जरा घट्ट झाली, पण आरशापुढून हलवेना गं. अशी पॅन्ट जबलपूरला माझ्या मापाची मिळेल का? काळी नको. कमरेचं माप मागे लिहिलं आहे. ते ह्यांनी मोजलेलं नाही, मी मोजलं आहे.

आलोकरावांना आशीर्वाद. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी
सुमित्रावहिनी