पुढच्या चाकाचं बेअरिंग

आप्पा, साहेबांच्या मोपेडच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मी बिघडवलं नव्हतं. दहाव्या वर्षी तुम्ही मला ज्या पाठशाळेत नेऊन ठेवलंत, तिथे सूत्र अर्ध्या ओळीचं असायचं आणि त्यावरचं भाष्य आठवडाभर चालायचं. वरचं वाक्य सूत्र समजा. आता भाष्य ऐका; तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा पाळीचा भोंगा गाठायची घाई तुम्हाला नसावी.

मी बुऱ्हाणपुरातच आहे, बुधवाऱ्यात राहतो, शाळेत संस्कृत शिकवतो. दोन वर्षांची असताना तुमच्या मांडीवर बसून जिनं तुमचा चष्मा मोडला होता, ती तुमची नात आता इंजिनिअरिंगला आहे आणि रिमोटवर चालणाऱ्या बग्गीच्या शर्यती खेळते. हातभर लांबीची, बॅटरीवरची, उघड्या चाकांची गाडी. तिला खेळणं म्हटलेलं खपत नाही. शहराबाहेर एका केळीवाल्यानं शेताचा पडीक तुकडा दिलाय, तिथे काळी माती पाणी मारून, चोपून कडक केलेली, वर उड्यांसाठी उंचवटे आणि वळणं. गाडीला जोर देतात मागची चाकं, पुढची नुसती दिशा दाखवतात. म्हणून मी त्यांना उपसर्ग म्हणतो: समोर बसलेला एवढासा, पण अख्ख्या धातूला भलतीकडे ओढून नेणारा. त्यावर ती म्हणते, "पप्पा, पिरियड संपला, आता ती स्पिरिटची बाटली द्या." पुढच्या टायरांचं शास्त्र तुम्हाला आवडलं असतं, आणि ते तुमच्याआधी मला कळलं याचा मला आनंद आहे, तो लपवत नाही. रबर जितकं मऊ तितकी गाडी चांगली वळेल असं वाटतं ना? तसं नाही. पुढची पकड फार झाली की मागची बाजू सुटते आणि गाडी जागीच गिरकी घेते. कमी पडली की वळण सोडून सरळ केळीच्या बागेत.

गेल्या शनिवारी, अंतिम शर्यतीच्या आदल्या दुपारी, तिनं दोन रिकाम्या रिम माझ्यापुढे ठेवल्या. "या वेळी पुढची जोडी तुम्ही बसवा." "मी?" "हो ना. किती दिवस नुसते बघत बसणार?" पहिल्या दोघांना तिचा क्लब इंदूरच्या शर्यतीला पाठवणार होता, आणि ही मुलगी पुढची चाकं माझ्या हवाली करत होती. मी ऐटीत सगळ्यात मऊ टायर उचलला. "अरे पप्पा, वो नहीं! उद्या ऊन आहे, गाडी नुसती नाचेल. ते बारीक रेघांचे घ्या, मीडियम." घेतले. आधी रिममध्ये बेअरिंग बसवायचं, करंगळीच्या नखाएवढं. मी अंगठा बरोबर मध्यावर टेकवला, तसं तिनं मनगट धरलं. "बीच में नाही! बाहेरच्या रिंगवर दाबा. आतल्या रिंगवर जोर दिला की तो गोळ्यांवरून जातो, खड्डे पडतात, मग खरखर करतं ते. इतकं तर सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना माहीत असतं. मी दहा वर्षांचा आहे, कागद कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरचा ओटा आहे, रविवार आहे. कारखान्यातले तुमचे साहेब खुर्चीत चहा पीत बसलेत आणि त्यांच्या मोपेडचं पुढचं चाक तुमच्या दोन पायांत. बेअरिंगवर टेकवून ठोकायचा मोठ्या मापाचा पाइप कारखान्यात राहिलाय. घरात आहे तो तुकडा लहान, आतल्याच रिंगवर बसणारा. तुम्ही तो धरता आणि हातोडी माझ्या हातात देता. पहिल्यांदाच देता. "हाण. मधोमध, जोरात." मी हाणतो. अगदी मधोमध, आप्पा, एक घाव वाकडा पडत नाही. मग तुम्ही चाक फिरवता आणि खरखर ऐकू येते. साहेब कप खाली ठेवतात. "ये कैसी आवाज़ है?" तुम्ही पाइपचा तुकडा पायानं बाजूला सारता आणि हसता. "बच्चे के हाथ में दे दिया साहब, गलती हो गई. इसके हाथ लकड़ी के हैं." साहेब हसतात. आई दारात उभी असते, ती हसत नाही. शाळा सुरू व्हायच्या आत माझी ट्रंक भरलेली होती.

पाइप लहान आहे हे तुम्हाला दिसत होतं. वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला ते डोळे मिटूनही कळतं. साहेबांसमोर एवढंच म्हणायचं होतं, की पाइप चुकला. त्याऐवजी मी चुकलो, आणि चाळीस वर्षं चुकलेलाच राहिलो. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, याचं तोंड चालतं, हात चालत नाहीत, आणि मी शिकवलेल्या पोपटासारखा श्लोक म्हणून दाखवायचो. मला नोकरी लागली, लग्न झालं, तरी माझ्या घरातला फ्यूज उडाला की तुम्ही पॅसेंजर धरून यायचात. तुमच्या सुनेला वाटायचं, सासरे किती मायाळू. मी टॉर्च धरायचो. तोही मला नीट धरता येत नाही असं तुमचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर तोवर माझंही तेच झालं होतं.

म्हणून त्या दुपारी ते दोन टायर मला असे बसवायचे होते की पुन्हा कुणी माझ्या हातांबद्दल बोलू नये. नव्या रबराला तेलकटपणा असतो, तो स्पिरिटनं पुसला. आतलं फोमचं कडं सरळ केलं. टायरची कड रिमच्या खाचेत चहूबाजूंनी बसली का, ते बोट फिरवून पाहिलं. आणि गोंद सोडण्याआधी उठून देवघरातला मारुतीचा शेंदूर आणला, कारण कारखान्यात नवा भाग मशीनवर चढवण्याआधी तुम्ही त्याला शेंदूर लावायचात. तुमच्यावर इतका संतापलेला असताना तुमचीच रीत का पाळली, ते विचारू नका. दोन्ही रिमांना एकेक बोट लावलं, डाव्या रिमला जरा सढळ. शेंदूर तेलात कालवलेला असतो आणि तेल खाचेत उतरतं, एवढं साधं भाष्य मला सुचलं नाही.

रविवारी ती दुसऱ्या नंबरावर होती. शेवटच्या फेरीत, मोठ्या उडीवर, डावा पुढचा टायर रिममधून निघाला, दोनदा फडफडला आणि गाडी कुंपणाला धडकून उलटी पडली. आम्ही ती उचलून टेबलाशी आणली. क्लबातले एक यंत्रमागवाले, माझ्याच वयाचे, सगळ्यांच्या गाड्या तपासतात. ते हात पुढे करत आले. "दिखा बेटा. किसने चिपकाया ये?" रिमच्या खाचेत लाल रेघ होती. मला दिसली, तिलाही दिसली. तिनं चाक त्यांच्या हातात देण्याआधी टी-शर्टच्या कडेनं ती रेघ पुसली. "मैंने, अंकल. जल्दी में थी, स्पिरिट मारना भूल गई." "इंजिनियरिंग पढ़ती है और इतना नहीं आता?" ते हसले, भोवतीचे चार जण हसले, ती पण हसली, पण तिचे कान तापून लाल झाले होते. मी तिथेच उभा होतो, अडीच हातांवर. मी चिकटवला. दोनच शब्द, कर्ता आणि क्रियापद. असली वाक्यं मी पोरांकडून रोज करून घेतो.

परत येताना मी तिला मावा जलेबी घेऊन दिली. तिनं खाल्ली, हात पुसले आणि म्हणाली, "छोड़ो ना पप्पा, होतं असं." आज चौथा दिवस आहे. तिच्या खोलीचं दार उघडं आहे, ती आत अभ्यास करतेय, आणि मी हा कागद घेऊन बाहेरच्या खोलीत बसलोय. खरं तर हा कागद मी तिला लिहायला घेतला होता. वर 'आप्पा' लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.