सरूबाईच्या तीन साड्या

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

प्रिय मंजू,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुझे बाबा गेल्यावर मी दुकानाच्या गल्ल्यावर बसले, तेव्हा नानाकाकांनी सरळ सांगितलं होतं, वहिनींना कॉम्प्युटरवर बिलं जमली नाहीत तर दुकान भाड्यानं देऊन टाकू. मला दुकान सोडायचं नव्हतं. पुण्यात कंपनीसाठी कॉम्प्युटर कसा वापरायचा याची पुस्तकं लिहितेस, म्हणून माझ्यासाठीही तू एक जाडजूड पुस्तक लिहिलंस.

त्याच्या पहिल्याच पानावर होतं, फुलंब्रीच्या सरूबाईंनी तीन इरकली साड्या घेतल्या, त्यांचं बिल करा. मी केलं. दुकानातल्या बन्सीनं साड्या बांधून वर नावाची चिठ्ठीही लावली. आठवड्यानं तो म्हणाला, "बाई, ह्या सरूबाई येनार हायेत का नाय? लई चांगला माल अडकून पडलाय." तुला विचारलं तेव्हा कळलं, सरूबाई शिकवण्यापुरतीच होती. तू हसून हसून बेजार झालीस. मला मात्र रडू आलं, कारण नानाकाका समोरच बसले होते.

मग तू त्या पुस्तकाचे चार भाग केलेस. तेव्हा वाटलं, पोरीला दुसरा उद्योग नाही. आता पटतं गं. धडे सकाळी गिऱ्हाईक नसताना करायचे, चुकलं तरी कुणाचं काही जात नाही, आणि वर तू ठळक 'सराव' लिहिलंयस, ते बरं केलंस. पण समोर बाई साडी परत करायला उभी असताना धडा काय कामाचा? तिथं गल्ल्याशेजारी चिकटवलेला कागद, तेवढ्या पायऱ्या केल्या की मोकळी. कुठलं बटण काय करतं ती लांबलचक यादी मी वाचत बसत नाही, अडलं की तेवढंच शोधते. आणि झालेलं बिल पुसता का येत नाही, परतीची नोंद वेगळी का करायची, ते एका दुपारी चहा घेत निवांत वाचलं. तेव्हापासून त्या यंत्राची भीती गेली.

परवा गंगापूरहून लग्नाचा बस्ता आला. माणसं भरपूर आणि मतं त्याहून जास्त. बिल झालं आणि नवरीच्या मावशीचं मन फिरलं, दोन साड्या परत. नानाकाका मदतीला उठले. मी म्हटलं, बसा भावजी. कागद बघितला, परतीची नोंद केली, तिची पावती हातात दिली. नानाकाकांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि भाड्याचा विषय काही काढला नाही. बन्सी एवढंच म्हणाला, "जमलं की वो बाई."

तू राजीनामा लिहून ठेवलायस, आईसाठी गुलमंडीत येऊन बसणार आहेस, असं बन्सीकडून कळलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. तो राजीनामा देऊ नकोस, बाळा. तुझी आठवण रोज येते, पण दुकान मला चालवता येतं. तू दिवाळीला ये, चार दिवस लाड करून घे. सरूबाईच्या साड्या मी अजून विकल्या नाहीत, त्यातली जांभळी तुझी. बिल मात्र होईल, आणि ते मी करीन.

तुझीच,
गल्ल्यावरची आई