आधी परिचय, मग विषय

१४ मार्च

तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा राहिला!

बैठकीच्या खोलीचं दार उघडलं, न्यायमूर्ती काठी सावरत बाहेर आले, आणि त्यांच्या मागून संचालकांनी माझ्याकडे बघून नुसते ओठ मुडपले. कळलं काय ते. बारावा विषय — माझी बदली — पुढच्या बैठकीवर. पुढची बैठक थेट जूनमध्ये!

घरी येईपर्यंत दात आवळून होते. आता पेन आवळलंय.

१५ मार्च

डोकं जरा थंड झालंय. एकदा नीट लिहून काढते, म्हणजे मलाच पटेल की हे खरंच घडतंय.

आमच्या संशोधन संस्थेच्या संस्थापकांनी घटनेत एक कलम घालून ठेवलंय. नियामक मंडळाची प्रत्येक बैठक सदस्यांच्या व्यावसायिक परिचयाने सुरू व्हावी, म्हणजे कोणाचा कोणता अनुभव संस्थेच्या कामी येईल ते सर्वांच्या ध्यानात राहील. हेतू चांगलाच होता बिचाऱ्यांचा. पण संस्था वनस्पतींची, आणि मंडळावर कोण? एक निवृत्त न्यायमूर्ती, एक डोळ्यांचे डॉक्टर, एक बँकेचे माजी अध्यक्ष, एक बिल्डर, एक बोटीवरचे कॅप्टन. झाडाशी संबंध म्हणाल तर सावलीपुरता! वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारे हे पाच जण दर तीन महिन्यांनी भेटतात, आणि दर वेळी मी उभी राहून त्यांना सांगते की तुमच्या शेजारी बसलेले हे गृहस्थ कोण.

परिचय लिहिते मी. वाचते मी. वाचून झाले की बाहेर — पुढचं सगळं गोपनीय. बाहेरच्या बाकावर बसून बंद दाराकडे बघायचं. विषय क्रमानेच घ्यायचे, न्यायमूर्ती क्रम मोडू देत नाहीत. पहिले दहा दर वेळचेच. नवं काही असलं तर अकरापासून पुढे. अकरावा कुठला तरी दोन वर्षं लोंबकळतोय म्हणे, कसला ते संचालकांनाच ठाऊक. आणि पाच वाजले की न्यायमूर्ती उठतात, ते उठले की बैठक उठते.

म्हणजे मी जितकं छान लिहिणार, तितका माझाच विषय मागे पडणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

१६ मार्च

सासूबाई जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “तुला होल्डवर टाकलंय गं. लाइन बिझी नाही, जोडून देणाराच डुलक्या काढतोय. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. मधल्या गप्पा तोडायच्या.”

हे नुसते हसले. यांना काय हसायला.

१९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत जुन्या इमारतीत गेले. तळघरात उतरलं की वास येतो — ओल्या मातीचा — आणि छातीतलं काहीतरी सुटतं. आमची मुळांची प्रयोगशाळा! तळघराच्या भिंतीच काचेच्या आहेत. काचेपलीकडे आवारातल्या झाडांची माती. काळा पडदा सरकवायचा, आणि समोर जिवंत मुळं. वर झाड नुसतं उभं दिसतं, खाली त्याची केवढी धडपड चाललेली असते. दगड आला की वळसा घालायचा, पुन्हा सरळ. उजेड त्यांना चालत नाही, म्हणून झटपट बघायचं, मोजायचं, पडदा ओढायचा.

हे माझं काम होतं. मग प्रसिद्धी विभागातला माणूस सोडून गेला आणि संचालक म्हणाले, “तुमची भाषा चांगली आहे, दोन महिने सांभाळा.” सहा वर्षं झाली त्या दोन महिन्यांना.

बाई म्हणाल्या (इथे सगळे त्यांना बाईच म्हणतात, प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली), “जूनअखेर मी निवृत्त. माझ्या सहीने मागितलंय तुला, तोवरच ती जागा आहे. मी गेल्यावर इथे तुला कोण मागणार?”

मी पडद्याची दोरी नुसती कुरवाळत उभी. मग त्यांनीच विषय बदलला. “तुमचे ते कॅप्टन कालपरवा येऊन गेले. बैठक झाली की येतातच. पडदा उघडायला लावतात आणि टोपी काढून उभे राहतात.”

असतो एकेकाला छंद.

२ एप्रिल

ठरलं. गप्पा तोडायच्या. पाचही परिचय आखूड करायचे — दोन-दोन ओळी. पण सदस्याने मान्य केल्याशिवाय एक स्वल्पविराम हलत नाही, म्हणून एकेकाला गाठायला हवं. आणि खरं कारण सांगायचीही चोरी! सदस्याजवळ स्वतःच्या कामाचा शब्द काढला तर तो वशिला, विषयच बाद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

संचालकांना म्हटलं, आजकाल सगळीकडे थोडक्यात लिहायची पद्धत आहे. ते म्हणाले, “बघा बुवा. माझं नाव नका घेऊ.”

९ एप्रिल

न्यायमूर्तींकडे. पांढरीशुभ्र खोली, पुस्तकांना काचेची दारं. म्हटलं, “साहेब, खरी मोठी माणसं दोन ओळींत मावतात.” मसुदा दोनदा वाचला. मग म्हणाले, “विचार करून कळवतो.”

निकाल राखून ठेवला!

११ एप्रिल

निकाल लागला. मान्य — पण बासरी राहू द्यावी. (ते बासरी वाजवतात. तीन ओळी आहेत तिच्यावर.) मी एका शब्दावर तडजोड केली.

१७ एप्रिल

डॉक्टर रागावले. “माझे मोतीबिंदू काढून टाकलेत तुम्ही!” केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा होता तो. दर बैठकीला वाढायचा. मी म्हटलं, “डॉक्टर, आकडा सांगितला की संपतो. नाही सांगितला तर लोक स्वतःच मोठा धरतात.” लगेच विरघळले.

बँकेच्या माजी अध्यक्षांना वीस मिनिटं समजावलं. शेवटी कळलं, त्यांचा परिचय चालू असताना ते डुलकी घेतात, त्यामुळे त्यात काय आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

२३ एप्रिल

आज बिल्डरसाहेब स्वतःहून माझ्या टेबलाशी! एवढा मोठा माणूस, खुर्ची ओढून बसला. “ऐकलं मी, तुम्ही कात्री चालवताय. माझी एकच ओळ ठेवा. इमारती बांधतो, बस्स. अहो, त्या परिचयांच्या पायी कामं तुंबलीत, कोणी बोलत नाही. तुमच्यासारखी माणसं पाहिजेत संस्थेला.”

मला भरून आलं, खरंच. सहा वर्षांत या टेबलापाशी येऊन असं कोणी बोललं नव्हतं. पाचांत हाच एक माणूस!

जाताना म्हणाले, “आता कोण राहिलं? कॅप्टन? म्हातारा अवघड आहे हं. पण तुम्ही कराल.”

५ मे

कॅप्टनसाहेबांकडे गेले. चौथा मजला, एकटेच राहतात. घर कसलं, बोटीतली केबिन! सगळं जागच्या जागी, कपसुद्धा हुकांना टांगलेले. चहा स्वतः केला, बशी धरून दिली.

यांचा परिचय सर्वांत मोठा. प्रत्येक बोट, प्रत्येक बंदर, कुठे वादळ, कुठे संप, कुठे नांगर तुटला. वाचताना माझा घसा बसतो, इतर चौघांची मान. मी हळूच नवा मसुदा पुढे केला. चष्मा लावून वाचला आणि हसले, मोठ्याने! त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

“पोरी, उलट आणखी दोन बंदरं घालायचीत मला. आठवलीत आता. एका ठिकाणी तर अकरा दिवस खोळंबलो होतो, ते सविस्तर लिही.”

मी म्हटलं, “कॅप्टनसाहेब, सगळ्यांनी लहान केलेत. तुमचाच एवढा लांब बरा दिसेल का?”

तेव्हा जरा पुढे झुकले. “सगळ्यांनी केलेत म्हणूनच. आता आपल्या दोघांवरच आलं. इतकी वर्षं छान जमलंय आपलं — तू लिहितेस, मी मान डोलावतो. आता सोडू नकोस.”

कौतुकाची भूक वय वाढलं की वाढते म्हणतात, पण इतकी? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या! स्वतःच्या बंदरांसाठी! मी “बघते” म्हटलं आणि जिना उतरले. बसमध्ये मलाच रडू फुटायचं बाकी होतं. एका माणसाच्या मिरवण्यापायी माझा जन्म त्या टेबलापाशी जायचा.

६ मे

सासूबाई म्हणाल्या, “म्हातारा एकटा असतो ना? मग ऐकू दे की कोणीतरी त्याला.”

सगळ्यांना ऐकवायला मीच बरी सापडते!

२८ मे

कॅप्टनचा फोन. “घातलीस ना बंदरं?”

“हो,” म्हटलं. घातलीत. लांब परिचय तयार आहे. आखूडही आहे. दोन्ही एकाच फायलीत.

९ जून

बाईंनी कपाटातला माझा जुना पांढरा कोट धुऊन ठेवलाय. “येशील ना?” एवढंच विचारलं. त्यांनी कधी असं विचारलेलं मला आठवत नाही, त्या सांगतात.

मला झोप लागेनाशी झालीय. टेबलाशी बसले की वाटतं खोली एकेक वीत आत सरकतेय. एकदा हे दार उघडू दे, पुढचं मी बघून घेईन.

१६ जून

झालं! झालं झालं झालं!

क्रमाने लिहिते. न्यायमूर्ती — दोन ओळी आणि बासरी. डॉक्टर — दोन. बँक — दोन, आणि अध्यक्ष चक्क जागे. बिल्डर — एक. मग कॅप्टन. ते खुर्चीत मागे टेकून बसले, हात पोटावर, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे. फायलीत दोन कागद. माझा हात आखूड कागदावर गेला. गेला म्हणजे काय, मीच नेला.

“बोटीवर अडतीस वर्षे सेवा. निवृत्त कॅप्टन.” आणि मी खाली बसले.

कॅप्टन म्हणाले, “पुढचं पान?”

“एवढंच आहे, कॅप्टनसाहेब.”

ते उठले, टेबलाला धरून. “मग मी स्वतः सांगतो. पहिली बोट—”

न्यायमूर्तींनी हात वर केला. “परिचय लेखीच असतो. वाचला गेलाय. पहिला विषय घ्या.” बिल्डरसाहेबांनी टाळी वाजवली, एकदाच.

कॅप्टन माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आपलं माणूस गर्दीत ओळख न दाखवता निघून गेलं की बघतो, तसं. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण मी फाइल उचलली आणि बाहेर आले.

बाकावर बसले. चार वाजताच दार उघडलं! संचालक हसत बाहेर. “अभिनंदन. बारावा विषय एकमताने मंजूर. सोमवारपासून प्रयोगशाळा.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. जिन्यातून पळत उतरले, या वयात!

घरी सासूबाईंनी साखर ठेवली हातावर. म्हणाल्या, “लागली की गं लाइन!”

उद्या आधी बाईंना सांगणार. आणि एकदा कॅप्टनकडे जाऊन माफी मागणार. हवं तर सगळी बंदरं त्यांच्या घरी बसून वाचून दाखवीन.

१७ जून

बाईंना सगळं आधीच कळलं होतं. कॅप्टनचा फोन आला होता त्यांना काल.

अकरावा विषय जुनी इमारत पाडण्याचा होता. चार विरुद्ध एक. जागा बिल्डरसाहेबांच्या मेव्हण्याला. काचेच्या भिंती हलवता येत नाहीत आणि झाडंही जाणार. दोन वर्षं कॅप्टन बंदरं मोजत तो विषय पाचच्या पलीकडे ढकलत होते. ते बाईंना म्हणाले, “मला वाटायचं, पोरीला माहीत आहे. म्हणूनच ती एवढं लांब लिहिते.”

एवढं सांगून बाईंनी नुसता कोट पुढे केला.

दुपारी बदलीचा आदेश हातात पडला. सोमवारपासून मुळांच्या प्रयोगशाळेत रुजू. काम — प्रयोगशाळा रिकामी करून देणे.